पुणे ते सासवड: वारीतला एक दिवस कसा चालावा

एकच दिवस चालायचं म्हटलं की बहुतेक जण ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर पुणे–सासवड हा टप्पा धरतात आणि विचारतात, "दिवे घाट झेपेल ना?" झेपेल. घाटात गर्दी इतकी संथ चालते की धाप लागतच नाही. माणसं गारद होतात ती हडपसर ते वडकी या सपाट डांबरावर.

पहाटे भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरापासून निघा. तीस किलोमीटरच्या आसपासचं अंतर जास्त वाटत असेल, तर सरळ हडपसरला येऊन मिळा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र तिथे दोन पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते, माऊलींची सासवड रस्त्याला वळते. लोंढ्याबरोबर भलत्याच पालखीमागे गेलेले लोक नेहमी भेटतात.

दिंडीत घुसू नका. पताका, टाळकरी, पखवाज, वीणेकरी, तुळस घेतलेल्या बायका असा तिचा क्रम ठरलेला असतो. ओळखीची दिंडी असेल तर प्रमुखांना आधी विचारा, नाहीतर कडेने मोकळ्या समाजात, म्हणजे कुठल्याच दिंडीत नसलेल्या लोकांत, चाला. दिंडीच्या पंगतीत न विचारता बसणं तर अजिबात नको. ते जेवण वारकऱ्यांनी भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरून उभं केलेलं असतं.

आता पाय. ते मलाही बराच काळ छळत होते, म्हणून सविस्तर सांगतो. "नवे भारी बूट घ्या" हा सल्ला देणाऱ्याला वारीत चालायला लावायला हवं. घासून मऊ झालेले जुनेच बूट घाला, किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल. पाऊस आला की बुटात पाणी शिरतं, मोजा ओला होतो, कातडी भिजून पांढरी पडते आणि मग तासाभरात फोड. सँडलमधला पाय निदान वाळतो तरी.

फोड अचानक येत नाही. आधी टाचेच्या कडेला किंवा अंगठ्याखाली एक जागा गरम लागते, चुरचुरते. तेव्हाच थांबायचं. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हणालात की संपलं. रस्त्याच्या कडेला बसा, मोजा काढा, पाय पुसून पूर्ण कोरडा करा आणि मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. पट्टीचे कोपरे आधी गोल कापा, टोकदार कोपरा मोज्यात सुटून गोळा होतो आणि तोच पुढे टोचतो. ओल्या कातडीवर ती धरत नाही, म्हणून एक छोटा पंचा वरच्या कप्प्यातच ठेवा. फोड आलाच तर सुईने फोडायला धावणाऱ्या हौशी काकांना हात जोडा आणि वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे जा.

दुसरी गोष्ट वडकीची. दुपारच्या विसाव्याला लोक तासभर पाय पसरून झोपतात. उठल्यावर पोटऱ्या लाकूड झालेल्या असतात आणि समोर घाट. वीस मिनिटं बसा, मोजे बदला, उठा. हा दिवस बहुधा एकादशीचा असतो, त्यामुळे वाटपात साबुदाण्याची खिचडी आणि केळी भरपूर. दिसेल तिथे खिचडी खाल्ली तर घाटात पोट बोलेल. केळी घ्या, पाणी प्या.

घाट कडेने चढा. माऊलींचा रथ ओढायला जादा बैलजोड्या जुंपतात, तेवढं थांबून जरूर पाहा. फक्त फोटोसाठी कठड्यावर चढू नका.

घाटमाथा म्हणजे सासवड नव्हे. झेंडेवाडीचा विसावा, मग अजून बरीच चाल. इथे बरेच जण जोर सोडून बसतात.

त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो, त्यामुळे "घ्यायला ये" असं घरी सांगून ठेवलं असेल तर ते विसरा. परतीची बस कुठून, कुठल्या घाटाने सुटणार ते आदल्या दिवशीच विचारून घ्या, नाहीतर सासवडला रात्रीच्या मुक्कामाची सोय आधी लावा.