सत्तरीच्या सुर्ल्याला जाताय? या चुका टाळा

गोव्यात सुर्ला नावाची गावं तीन. एक डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यातलं. दुसरं धारबांदोड्यातलं तांबडी सुर्ला. आणि तिसरं चोर्ला घाटाच्या माथ्यावरचं, सत्तरी तालुक्यातलं. धबधबे बघायला निघालेली मंडळी मोबाइलवर नुसतं ‘सुर्ला’ टाकतात आणि तांबडी सुर्ल्याच्या महादेवासमोर जाऊन उभी राहतात. कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं देऊळ पाहण्यासारखंच आहे, त्यामुळे दिवस अगदीच फुकट जात नाही. पण तिथून घाटमाथ्यावर यायचं तर वाळपई, केरी करत मोठा वळसा पडतो. तोवर ऊन कलतं.

केरी टाकतानाही जपा. पेडण्यात समुद्रकिनाऱ्यावर एक केरी आहे, फोंड्यात आणखी एक. आपल्याला सत्तरीतली हवी, अंजुणे धरणाजवळची. साखळीला पोचल्यावर कुणालाही ‘बेळगावचा चोर्ला घाट खंय?’ विचारलं की काम होतं. मला तरी हा उपाय नकाशापेक्षा भरवशाचा वाटतो.

जुलैत जाऊन धबधबा शोधणं

पाऊस जास्त म्हणजे धबधबा झकास, हा हिशेब इथे चुकतो. वाळपईला पाऊस अनेक वर्षी दीडशे इंचांच्या पुढे जातो आणि सुर्ला तर समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर. जुलै-ऑगस्टमध्ये माथ्यावर ढगच उतरलेले असतात. लाडक्याचो वझर (वझर म्हणजे धबधबा) समोरच्या कड्यावर कोसळत असतो आणि आपल्याला दिसतं ते नुसतं पांढरं. लोक दहा मिनिटं थांबतात, सेल्फी काढतात आणि वैतागून परततात.

धुकं लागलं तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि थांबा. वारा फिरला की दरी उघडते, पुन्हा मिटते. त्या मधल्या वेळात जे दिसतं त्यासाठीच इतक्या वर यायचं. ज्यांना हा जुगार नको, त्यांनी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात यावं. पाणी असतं, आकाश मोकळं असतं आणि सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, रानफुलंही असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र धबधब्याच्या नावाने निघू नका.

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसणं

चढताना सगळे सावध असतात. गडबड होते ती उतरताना. पोट भरलेलं, गाडीत गाणी, समोर बेळगावची अवजड वाहतूक आणि पाय सतत ब्रेकवर. थोड्या वेळाने जळका वास येतो, पेडल मऊ लागतं, दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. ब्रेक तापल्याची ही खूण. लगेच खालच्या गिअरवर या, वेग इंजिनावर मोडा आणि रुंद जागा दिसेल तिथे गाडी बाजूला घ्या. वीस-पंचवीस मिनिटं चाकं आपोआप निवू द्या. तापलेल्या चाकावर बाटलीतलं पाणी ओतणारे बहाद्दर असतात. त्याने डिस्क वाकते. आणि ज्या गिअरवर चढ चढलो त्याच गिअरवर उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवायचं असेल तर मग घरीच बसा.

स्कूटरवाल्यांना गिअर नसतात, म्हणून त्यांनी जास्तच थांबत उतरावं. भाड्याची, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची गाडी असेल तर आणखी एक बघा: पुढे कर्नाटकाची हद्द लागते. गाडी गोव्याबाहेर न्यायची परवानगी आहे का, हे घेतानाच मालकाला विचारा. गाडीत गोव्याच्या दारूच्या बाटल्या असतील तर परवान्याशिवाय हद्द ओलांडणं हा गुन्हा आहे. नाक्यावर हुज्जत घालून काही उपयोग होत नाही.

वरून दिसतंय म्हणून खाली उतरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सड्यावरून वझर बघणं वेगळं आणि पायथ्याला जाणं वेगळं. दरीतलं रान म्हादई अभयारण्याचं, 1999 साली जाहीर झालेलं, दोनशे चौरस किलोमीटरहून मोठं. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. 2023 च्या जुलैत बुडून मृत्यू झाल्यावर खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदीच घातली होती. नियम दर मोसमाला बदलतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा आणि परवानगी असली तरी गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय उतरू नका.

पाण्यात असाल तर डोक्यावरच्या आभाळावर विसंबू नका. पाऊस वर, कर्नाटकाच्या बाजूला पडत असतो आणि तुमच्याकडे ऊन असतं. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, तर कपडे, चपला गोळा करायला थांबू नका. आलात त्याच काठाला चढा. पलीकडच्या काठाला गेलात तर पाणी ओसरेपर्यंत तिथेच अडकाल.

सड्यावरही कड्याच्या टोकाला जाऊ नका. काळं शेवाळ ओल्या कातळात मिसळून जातं, पाय पडेपर्यंत कळत नाही.

किरकोळ, पण छळणाऱ्या

जळवा: ओढून काढू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, आपोआप सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, घाबरू नका. हिरवा चापडा हा विषारी साप पानांत दिसत नाही, म्हणून झुडपाला हात टेकताना बघा. पेट्रोल साखळी किंवा वाळपईलाच भरा. मोबाइलची रेंज घाटात येते-जाते, तेव्हा नकाशा आधी उतरवून घ्या. उन्हाळ्यात सड्यावर चूल किंवा शेकोटी अजिबात नको. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईचं रान कितीतरी दिवस जळत होतं, ते सत्तरीतले लोक विसरलेले नाहीत.

गावाला पॉइंट समजणं

सुर्ला हे नांदतं गाव आहे. कठड्यावर बसून बाटल्या फोडणाऱ्यांमुळे इथली माणसं पाहुण्यांकडे संशयाने बघायला लागली, तर दोष कुणाचा? देवराई दिसली तर चपला बाहेर काढा आणि आतलं वाळलेलं लाकूडसुद्धा उचलू नका. बायका शेतात काम करताना दिसल्या की लगेच कॅमेरा रोखू नका, आधी विचारा. इथे मराठी चालते, कोकणी चालते. ‘बाये, जेवण मेळटलें?’ असं विचारलं तर उत्तर हसूनच मिळतं.

जेवणाचं मात्र वर जातानाच सांगून ठेवा, किती माणसं आहात तेही. दुपारी दोनला आयत्या वेळी दहा जण दारात उभे राहिले तर भात नव्याने टाकावा लागतो, आणि चूल लाकडाची असेल तर तास मोडतो.