मे महिन्यात तोरणा ते राजगड

वेल्ह्यातून पहाटे चारला निघा. तोरणा 1403 मीटर उंच, आणि ऊन चढायच्या आत तुम्ही बुधला माचीवर असायला हवं. पुढच्या डोंगरधारेवर पाण्याचा भरवसा धरू नका. मी माणशी पाच लिटर घेतो. जड वाटतं, पण त्यात कपात करत नाही. एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम.

खरी परीक्षा बुधल्याखालच्या उतारावर. सुकलेलं गवत आणि बारीक मुरूम, बूट सरकतोच. तोंड डोंगराकडे करून, पाऊल आडवं टाकून उतरा. आधाराला कारवी धरायचीच तर मुळाशी, आणि एका वेळी तीन-चार काठ्या. एकदा मी एकच शेंड्याला धरली, ती हातात आली; कोपर सोलून निघालं. सॅकचे पट्टे कंबरेला घट्ट हवेत, नाहीतर ओझंच तुम्हाला ढकलतं.

अकरानंतर सावली मिळेल तिथे थांबा, चारपर्यंत. कुणी बरळायला लागलं किंवा अंग तापलं, तर ताबडतोब सावलीत आडवं करा, मानेवर-काखेत ओलं फडकं ठेवा, वारा घाला आणि मदत बोलवा. तिथे पाणी वाचवू नका.

संध्याकाळी राजगडाच्या अळू दरवाजातून संजीवनी माचीवर.