बावीस रिळांची परीक्षा

विदर्भातल्या बहिरमच्या जत्रेत टुरिंग टॉकीजच्या मशीनवर मी अकरा हंगाम काढले. ऑपरेटर म्हणजे नुसता मशीनच्या दिव्यातला कार्बन पेटवणारा नव्हे, कापणाराही. रात्रीचा खेळ लांबला की मालक तंबूमागून यायचा आणि म्हणायचा, "एक रीळ खाऊन टाक." आम्ही खायचो. एकदा मी नववं रीळ खाल्लं. खेळ सुटल्यावर घोंगडी गुंडाळत एक म्हातारी मशीनपाशी आली. "कारे बाबू, त्या पोरीच्या कडेवर पोट्टं कुठून आलं?" लग्न, बाळंतपण, सगळं त्या नवव्या रिळात होतं. मी काय सांगणार? "घरी जा आजी, थंडी हाय," म्हटलं.

परवा पुतण्या विचारत होता, "काका, बॅटमॅन-सुपरमॅनचा तो जस्टिस लीग दोन तासाचा पाहू का चार तासाचा?" आणि चार तासांचा चांगला आहे हे ठरवायचं कसं? म्हणून हे लिहितो. सुपरहिरोंचं मला फार कळत नाही. कापाकापीचं कळतं.

आधी कात्री कोणाच्या हातात होती ते माहीत करून घ्या. दिग्दर्शक झॅक स्नायडरचं बहुतेक शूटिंग झालं होतं. मुलगी वारल्यामुळे मे 2017 मध्ये तो सिनेमा सोडून बाजूला झाला. मग जॉस व्हेडनने बरेच प्रसंग नव्याने लिहून, शूट करून सिनेमा पुरा केला, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये तो साधारण 120 मिनिटांचा लागला. प्रेक्षकांनी तीनेक वर्षं लावून धरलं, तेव्हा 18 मार्च 2021 ला स्नायडरचा स्वतःचा आला, 242 मिनिटांचा. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. म्हणजे पहिला अकरा रिळांचा आणि दुसरा बावीस. आमच्या मालकाने पेट्या पाहूनच हात जोडले असते.

पण बावीस रिळं आहेत म्हणून माल जास्त, असं समजू नका. इथेच बहुतेक जण फसतात. मोजायची मिनिटं नाहीत, मोजायचे ते म्हातारीचे प्रश्न: "हे कुठून आलं?" आखूड सिनेमात असे प्रश्न किती पडले, आणि लांब सिनेमात त्यातल्या कितींचं उत्तर मिळालं.

त्यासाठी दोन्ही पाहावे लागतील, पण एका रात्रीत नाही. आधी आखूड पाहा, प्रश्न कागदावर उतरवा आणि आठवडाभर जाऊ द्या. शेजारी असं माणूस बसवा ज्याने या लोकांचं नावही ऐकलेलं नाही. आमच्या घरी बायको होती, तूर निवडत. पुतण्याने सिनेमा ऑनलाइन भाड्याने घेतला, इंग्रजी वऱ्हाडीत करून सांगत होता, आणि ती विचारील तेव्हा मी कॅलेंडरच्या पाठीमागे एक रेघ ओढत होतो. आखूड सिनेमाला सतरा रेघा झाल्या.

आता जोड कसा ओळखायचा ते. फिल्मचा जोड बोटाला लागायचा, इथे डोळ्याला लागतो. 2017 च्या सिनेमात सुपरमॅनचा वरचा ओठ पाहा. नव्या शूटिंगच्या वेळी हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवली होती आणि ती काढायची मुभा नव्हती, म्हणून ती कॉम्प्युटरवर पुसली. ओठ मेणाचा दिसला की समजा, हे मागाहून शिवलेलं ठिगळ आहे. शेवटच्या लढाईचं आभाळही पाहा. आधीच्यात ते लालभडक आहे, नंतरच्यात राखेसारखं.

सगळ्यात जास्त वेळ सायबॉर्गवर घालवा. परीक्षा तिथेच होते. आखूड सिनेमात तो एका कोपऱ्यात उभा असलेला लोखंडी पोरगा आहे. लांब सिनेमात त्याचा फुटबॉल आहे, अपघातात गेलेली आई आहे, आणि ज्याच्याशी तो बोलत नाही असा बाप आहे. एका एकट्या, पैशाने गांजलेल्या बाईच्या खात्यात तो बसल्या जागी एक लाख डॉलर टाकतो. हा प्रसंग कथा पुढे ढकलत नाही, कापला तरी कोणी विचारणार नाही. तरीही मी तो कापला नसता, कारण एवढी ताकद असलेलं पोरगं एकटं कसं असतं ते त्यातच कळतं.

बापाचं मात्र कापून चालतच नाही. लांब सिनेमात सायलस, म्हणजे सायबॉर्गचा बाप, खलनायक जिच्या मागे आहे ती मदर बॉक्स नावाची पेटी लेझरने तापवतो आणि त्यात स्वतः जळून मरतो. पेटी तापलेली आहे म्हणूनच मंडळींना पुढे तिचा माग काढता येतो. आखूड सिनेमात बाप मरतच नाही. एक मरण वगळलं तर नुसतं रडणं वगळलं असं वाटतं, पण त्या मरणाला पुढच्या अर्ध्या तासाची दोरी बांधलेली होती. माझ्या नवव्या रिळासारखीच गोष्ट झाली. कोणताही पुन्हा जोडलेला सिनेमा पाहताना अशी एक दोरी शोधा. तीन सापडल्या तर दिग्दर्शकाची तक्रार खरी होती असं खुशाल धरा.

दुसरी दोरी खलनायकाची. 2017 चा स्टेपनवुल्फ येतो, ओरडतो, मारतो. का, ते बायकोला कळलं नाही, मलाही नाही. 2021 मध्ये तो कर्जबाजारी निघतो. धन्याशी दगा केला म्हणून हाकललेला, आणि घरी परत जायचं तर अजून पन्नास हजार जगं जिंकून द्यायची आहेत. बायकोने तुरीतून मान वर केली. "मंग ह्याच्यावरही सावकार हाय म्हणा." त्यानंतर त्याच्याबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नाही.

तिसरी फ्लॅशची, वाऱ्यासारखं पळणाऱ्या पोराची. आधीच्या शेवटात तो एका रशियन कुटुंबाची गाडी ढकलतो. नंतरच्यात सगळं हरलेलं असतं, स्फोट झालेला असतो, आणि तो पळत पळत काळच मागे नेतो. तोच पोरगा आधी विनोदापुरता होता.

चित्र चौकोनी का, याबद्दल लोक फार वैतागतात. डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसले की पुतण्यानेही रिमोटवर झूम दाबलं. दाबू नका. तो सिनेमा 4:3 मध्येच ठेवलेला आहे, उंच आयमॅक्स पडदा डोळ्यासमोर धरून. झूम केलं की डोकी आणि पाय जातात. आमच्याकडे मशीनमध्ये चित्राच्या मापाची पट्टी चुकीची लागली की नायकाचं कपाळ कापलं जायचं आणि मागून शिट्ट्या सुरू व्हायच्या.

संगीत डोळे मिटून तपासा. स्नायडरसोबत टॉम होल्कनबोर्ग होता. त्याला काढून डॅनी एल्फमनला आणलं, आणि त्याने बॅटमॅन-सुपरमॅनच्या जुन्या ओळखीच्या धून वापरल्या. 2021 मध्ये होल्कनबोर्ग परत आला. जुन्या धून मला गोड लागल्या, खोटं कशाला बोलू. पण वंडर वुमन, म्हणजे यातली नायिका, आली की प्रत्येक वेळी बाईचा तो आक्रोश वाजायला लागतो, त्याने बायकोला तिसऱ्यांदा हसू आलं. इथे लांब सिनेमाचे गुण कापा.

आणि कापण्यासारखं बरंच आहे. अ‍ॅक्वामॅन, म्हणजे यांच्यातला पाण्याचा गडी, समुद्रात जातो, मग किनाऱ्यावरच्या बाया गातात, एक त्याचा स्वेटर हुंगते. मालकाने सांगायच्या आधी मी ते काढलं असतं. स्लो मोशनही पाणी घातलेल्या ताकासारखं आहे. दिग्दर्शकाच्या हातून कात्रीच काढून घेतली की हेही होतं.

अजून एक हिशेब ठेवा. परत आणलेलं सगळं जुनं नसतं. इफेक्ट बरेच नंतर पुरे केले, आणि शेवटच्या भागातले काही प्रसंग 2020 मध्ये नव्याने शूट झाले. तेव्हा "पेटीत पडलेला सिनेमा जसाच्या तसा" हे वाक्य खाली टाका आणि जुनं वेगळं, नवं वेगळं तोला. उलट उदाहरणही आहे. सुपरमॅनच्या दुसऱ्या भागाचा, मूळ दिग्दर्शक रिचर्ड डोनरच्या मनासारखा जोडलेला कट 2006 मध्ये आला, त्यात जिथे शूटिंगच नव्हतं तिथे नटांच्या चाचणीची फिल्म लावली. जोड दिसतो, पण लपवलेला नाही.

शेवटी स्नायडरच्या त्या मुलीचं नाव येतं, "ऑटमसाठी". बायकोने तूर बाजूला ठेवली. ते नाव वाचून मी गुण वाढवले नाहीत, पण कमी करायचा विचार असलेले दोन तसेच राहू दिले. तुम्ही काय कराल ते तुमचं.

वीज आमच्याकडे भरवशाची नाही, म्हणून चार तास एका बैठकीत जमले नाहीत. सिनेमाचे सहा भाग आणि वर एक उपसंहार आहे. प्रत्येक भागाला थांबता येतं. तीन भागांनंतर जेवलो, वांग्याची भाजी आणि भाकर.

सहाव्या भागापर्यंत कॅलेंडरवर पाच रेघा होत्या. सतराच्या पाच. मी खूश होतो. मग उपसंहार सुरू झाला: उजाड जग, जोकर नावाचा खलनायक, स्वप्नातून उठलेला बॅटमॅन, आणि पहाटे त्याच्या घराबाहेर हवेत तरंगणारा एक हिरवा माणूस.

"आता हा कोण होय?" बायको म्हणाली.

मी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या सांगायला लागला. मंगळापासून सुरुवात केली. ती उठली, सुपातली तूर डब्यात ओतली आणि दूध विरजायला आत गेली. मी सहावी रेघ ओढली.