अनोळखी धरणावर मरळ गरवायला जाताय? या चुका टाळा

मुंबईच्या पवई तलावात गळाने मासे धरायचा सराव झालेला माणूस पहिल्यांदा मोठ्या धरणावर जातो, तेव्हा रॉड जोडण्याआधीच एक चूक करून बसतो. समोरचं सगळं पाणी त्याला सारखंच वाटतं. मग काठाकाठाने चालत दिसेल तिथे फेकत राहायचं, दुपारपर्यंत पाय भरून येतात आणि मासा शून्य. मरळ उथळ, गवताळ, निवांत पाण्यात राहते, त्यामुळे भिंतीजवळचं खोल मोकळं पाणी तिच्या फारसं कामाचं नाही. अख्खं धरण विसरा. मागच्या फुगवट्यात ओढा येऊन मिळतो तसा एकच कोपरा धरा आणि पूर्ण सकाळ तिथेच घालवा.

हा कोपरा घरी बसून शोधता येतो. गुगल अर्थवर त्या जागेची जुनी उपग्रह चित्रं उघडा आणि मे महिन्यातलं निवडा. तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं, त्यामुळे एरवी बुडालेले शेताचे बांध, जुना रस्ता, झाडांचे बुंधे, ओढ्याचं पात्र सगळं उघडं दिसतं. मग पावसाळ्यानंतरचं चित्र बघा. आता ज्या बांधावर कंबरभर पाणी असेल, तिथून सुरुवात करायची.

परवानगीचं गृहीत धरू नका. मुंबईतले विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, तिथे गरवायचा विचारच नको. इतर बऱ्याच धरणांवर मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी गावात विचारा. त्या विचारण्यातच पाण्याखाली जाळी कुठे लावलीत तेही कळतं. पाण्यावर ओळीने तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या दिसल्या की तिथून लांब राहायचं. आपला गळ त्यांच्या जाळ्यात गेला तर नुकसान त्यांचं होतं.

बहुतेकांचं शिक्षण बास नावाच्या अमेरिकी माशाच्या मासेमारीच्या व्हिडिओंवर झालेलं असतं. तो बास मुंबईच्या आसपास मिळत नाही, पण गवतातून ओढायचा रबरी बेडूक मरळीलाही चालतो. खोल पाण्यात सोडायची बासची बाकीची आमिषं मात्र पेटीतच राहू द्या. मध्यम-जड ताकदीचा साडेसहा-सात फुटी रॉड, ३००० किंवा ४००० साइजचं रील आणि ३० ते ५० पौंडी ब्रेड म्हणजे विणलेली दोरी एवढं पुरेसं आहे.

सगळ्यात जास्त मासे सुटतात ते बेडकावर. पाणी फुटलं, मोठा आवाज झाला की हात आपोआप झटका देतो आणि बेडूक हवेत उडून अंगावर येतो. मासा आमिष तोंडात घेऊन वळायच्या आतच आपण ते ओढलेलं असतं. आवाज आला की रॉडचं टोक खाली न्या, ढिली दोरी गुंडाळा, वजन हाताला लागलं की मगच जोरात झटका मारा. एवढं करूनही सुटत असेल तर बेडूक हातात घेऊन बघा. दोन्ही गळांची टोकं त्याच्या पाठीला नुसती टेकलेली हवीत, रबरात रुतलेली नकोत. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. ते घसरलं तर बोथट आहे, कारण धारदार टोक अडतं. मरळीचं तोंड हाडकं असतं, बोथट गळ आत जात नाही. मासा मागून नुसता शेपटाच ओढत असेल तर रबरी दोऱ्या तिसऱ्या हिश्शाने कापून टाका. आणि बेडूक बुडायला लागला तर आत पाणी शिरलंय, दाबून काढा.

ब्रेडच्या दोन तक्रारी नेहमीच्या आहेत. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट करूनही दोरी सुटत राहते, कारण गुळगुळीत स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चकतीवर) अख्खी ब्रेडच फिरत असते. खाली आधी थोडी नायलॉन गुंडाळा. दुसरी तक्रार गुंत्याची. फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कडी) हँडल फिरवून बंद केला की स्पूलवर ढिला वेढा राहतो आणि पुढच्या फेकीला त्याचा गुंता होतो. बेल हाताने बंद करा, दोरी ताणून घ्या, मग फिरवा. गळाला पालोमार नावाची गाठ घाला. नायलॉनला बांधायच्या साध्या गाठी ब्रेडवर घसरतात.

‘काल इथेच लागली होती’ या बोलण्याला धरणावर फारसा अर्थ नाही. पाणी सोडलं की पातळी उतरते आणि उथळ कोपरे रिकामे होतात. पोचल्यावर पाण्याच्या कडेला काडी रोवा आणि दोन तासांनी बघा. काडी कोरड्यात आली असेल तर मासाही कोपऱ्याच्या तोंडाशी, थोड्या खोल पाण्यात सरकला असेल असं समजा. उतरत्या पाण्याने उघडा पडलेला काठ वरून सुकलेला दिसतो, पण खाली गाळ असतो. काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका आणि अडकलेलं आमिष काढायला पाण्यात उतरू नका. पवईत तर मगरी आहेत.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा एकत्र वर येऊन बुडबुडे सोडताना दिसला तर तिथे बेडूक टाकायचा नाही. खाली राखण करणारी जोडी असते आणि ती समोर येईल त्यावर तुटून पडते, म्हणून तो मासा मिळणं सोपं असतं. पण ती उचलली की पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात. असा थवा दिसला की वीस-पंचवीस पावलं पुढे सरका.