एसएमबी की एनएफएस? फाइल शेअरिंग कसं निवडावं, कसं लावावं

आमच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला आणि त्याच दिवशी जुन्या प्रिंटरचं स्कॅन फोल्डरमध्ये पडेनासं झालं. केबल, राउटर, पासवर्ड तपासण्यात दुपार गेली. बिघाड कशातच नव्हता. प्रिंटरला फक्त जुनी बोली येत होती आणि नव्या मशीनने ती बोलणंच सोडलं होतं. ही बोली म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती. एसएमबी आणि एनएफएस या नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरायच्या दोन पद्धती.

१. आधी मशिनं मोजा. विंडोज, मॅक, फोन अशी मिसळ असेल तर फार विचार न करता एसएमबी घ्या. अ‍ॅपलनेही २०१३ च्या मॅव्हरिक्स या मॅकच्या आवृत्तीत आपली जुनी फाइल शेअरिंग पद्धत एएफपी मागे सारून एसएमबी २ पुढे आणलं. लिनक्सवर यासाठी ‘सांबा’ हा प्रोग्राम टाका. (एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द सांबा लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने शब्दसूचीत शोधले, त्यातून हे नाव आलं.)

२. मग आवृत्ती बघा. सगळी मेख इथेच आहे. एसएमबीचा जन्म १९८३ चा, आयबीएममधला. पहिल्या आवृत्तीत शंभरावर कमांड होत्या आणि साध्या कामालाही सतत विचारणा-उत्तरं चालायची. २००६ च्या एसएमबी २ ने कमांड १९ वर आणल्या. २०१२ च्या एसएमबी ३ मध्ये एन्क्रिप्शन आलं. मे २०१७ मधला, फाइली अडकवून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ व्हायरस पसरला तो एसएमबी १ मधल्या भोकातून. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण अनेकांनी तो टाकलाच नव्हता. म्हणून ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा, एसएमबी १.० समोर टिक असेल तर काढा आणि मशीन रीस्टार्ट करा. नॅस (नेटवर्कवर फाइली साठवायची पेटी) असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही किमान आवृत्ती २ ठेवा.

३. शेअरला पासवर्ड असलेला वेगळा युजर द्या. पासवर्डविना ‘गेस्ट’ म्हणून शिरणं नवं विंडोज बहुतेकदा नाकारतं.

४. सगळी मशिनं लिनक्सची असतील तर सन मायक्रोसिस्टिम्सचं १९८४ चं एनएफएस सुटसुटीत पडतं. एक खोच मात्र आहे. नेहमीच्या मांडणीत ते माणूस नावाने नाही, मशीनने युजरला दिलेल्या नंबराने ओळखतं. तुमच्या लॅपटॉपवर तुमचा नंबर १००० आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर त्याचाही १०००, तर सर्व्हरच्या लेखी दोघं एकच. तुमची फाइल तो खुशाल पुसू शकतो! म्हणून सगळीकडे नंबर जुळवून घ्या. आवृत्ती ४ ने सगळा कारभार २०४९ या एका पोर्टवर (नेटवर्कच्या एका दारावर) आणला, फायरवॉल सोपी झाली. पण कर्बेरॉस (युजरची ओळख पक्की करणारी यंत्रणा) लावलं नाही तर हा आंधळा विश्वास तिथेही कायम.

५. बाहेरून फाइल हवी असेल तर राउटरवर एसएमबीचं ४४५ पोर्ट उघडू नका. व्हीपीएन लावून आत या.

राहिला जुना प्रिंटर. आधी फर्मवेअर अपडेट शोधा. आमच्याला मिळालं नाही. त्याच्यासाठी एसएमबी १ परत चालू करायचा मोह झाला, तो आवरला. आता स्कॅन पेनड्राइव्हवर घेऊन चार पावलं चालतो.