ड्रॅग-ड्रॉप कीबोर्डवर चालेना, मग काय केलं

कचरा वर्गीकरणाचा मराठी कोर्स होता, त्यात केळ्याची साल, दुधाची पिशवी, वापरलेले सेल असं काय काय स्क्रीनवर माउसनं ओढून (म्हणजेच ड्रॅग-ड्रॉप) ओला, सुका, घातक या डब्यांत टाकायचं. दिसायला झकास, पण टेस्टिंग करणारा आमचा सहकारी स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो, त्याला नुसतं "ग्राफिक, ग्राफिक" ऐकू यायचं आणि टॅब दाबून काही उचलताच येईना, गाडी तिथंच अडली.

शेवटी ड्रॅग काढूनच टाकलं. प्रत्येक वस्तूखाली तीन रेडिओ बटणं (तिन्हींतलं एकच निवडता येतं अशी) दिली, डब्यात पडल्याचं अ‍ॅनिमेशन मात्र ठेवलं (तेवढी मजा हवीच ना). डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे नियम), म्हणजे २०२३ पासून, ओढण्याला पर्याय द्या असं आहेच, पण ते माउस-टचवाल्यांसाठी, कीबोर्डचा नियम वेगळा आणि जुना, रेडिओ बटणांनी दोन्ही भागतात. फोकस ऑर्डर, म्हणजे टॅब दाबत गेल्यावर कशानंतर काय येईल तो क्रम, लावली, शोभेची चित्रं रीडरपासून लपवली, नुसता हिरवा रंग दिसायचा तिथं "बरोबर" असं लिहिलं.

तरी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मराठी वेडंवाकडंच वाचत होता. बघतो तर पानाच्या कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलमध्ये, भाषा सांगणाऱ्या लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये इंग्रजी! तिथं मराठीसाठीचा 'एमआर' टाकल्यावर ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज लागला. जरा रोबोटसारखा आहे, पण "घातक कचरा" नीट कळतं.