प्रेस कार्डसाठी पैसे मागतायत? थांबा जरा

जर्नालिझम करणाऱ्या मुलांनो, "तालुका प्रतिनिधी नेमणे आहे, ओळखपत्र आणि माइक मिळेल, फी भरा" असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर एक रुपयाही पाठवू नका. काम देणारा पगार देतो, फी घेत नाही. आणि त्या कार्डाला सरकारदरबारी काही किंमत नसते बरं का, महाराष्ट्रात पत्रकाराची अधिस्वीकृती, म्हणजे सरकारी मान्यता, माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तीही अनुभव वगैरे तपासून, त्यामुळे "सरकारमान्य कार्ड लगेच देतो" म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

पेपरचं नाव सांगितलं असेल तर ते प्रेस रजिस्ट्रार जनरलच्या, म्हणजे वृत्तपत्रांची नोंदणी करणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाच्या, साइटवर शोधा, आधी याला आरएनआय म्हणायचे, २०२३ च्या नव्या कायद्यानंतर नाव बदललं. पण नोंदणी दिसली म्हणजे नोकरी खरी असं नाही, कारण खऱ्या पेपरचं नाव वापरूनही फसवतात. म्हणून पेपरच्या अंकात किंवा साइटवर छापलेला नंबर घेऊन ऑफिसला स्वतः फोन करा, मेसेजमधल्या नंबरवर नको.

अजून एक, ट्रायल म्हणून चार-पाच बातम्या फुकट लिहून घेतात आणि मग फोनच उचलत नाहीत, हे फार होतं. एखादी टेस्ट ठीक, पण ती छापणार असतील तर तुमचं नाव आणि मानधन देणार का, हे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. आधार-पॅनच्या कॉपी ऑफर लेटर हातात येईपर्यंत देऊ नका.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.